जागेवरून न हलता

ऱ्हीओचं पान वरून हिरवं आणि खालून जांभळं असतं. कॉलेजच्या आवारात, सरकारी कचेऱ्यांच्या कुंड्यांत, बागेतल्या वाटांच्या कडेनं हे झाड हमखास सापडतं. लोक ते शोभेसाठी लावतात, पण जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना ते दिसलं की प्रॅक्टिकल आठवतं. पान तिरकं फाडायचं, खालच्या बाजूचा पातळ जांभळा पापुद्रा चिमट्यानं अलगद ओढायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा आणि वर कव्हरस्लिप ठेवायची. सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना चिकटून बसलेल्या बहुकोनी पेशी दिसतात, काठोकाठ जांभळ्या. मग एका कडेनं मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडायचा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून आधीचं पाणी ओढून घ्यायचं आणि डोळा न हलवता थांबायचं.

सुरुवातीला कोपऱ्यांत बारीक फट पडते. जांभळा रंग भिंतीपासून सुटतो आणि आत सरकू लागतो. जसजसा आकसतो तसतसा गडद होतो. भिंत मात्र जागची हलत नाही, त्यामुळे शेवटी प्रत्येक चौकटीत मधोमध एक गडद गोळा तेवढा उरतो. आता साधं पाणी सोडलं की तोच गोळा हळूहळू फुगतो, फिकट होतो आणि पुन्हा चारी बाजूंनी भिंतीला टेकतो. वेळेत पाणी मिळालं तर पेशीला काहीही झालेलं नसतं. उशीर झाला तर ती पुन्हा फुगत नाही. अकरावीच्या मुलांना हा प्रयोग दाखवताना ‘जिवंत’ आणि ‘मेलेली’ यांतला फरक इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दाखवता येत नाही, असं मला दर वेळी वाटतं.

तो जांभळा भाग म्हणजे रिक्तिका, पेशीतली रसानं भरलेली पिशवी. रंग फक्त तिच्या रसात असतो. पेशीद्रव्य तिच्याभोवती इतक्या पातळ थरात पसरलेलं असतं, की नीट पाहिल्याशिवाय ते जाणवतही नाही. वाढ पूर्ण झालेल्या वनस्पतिपेशीचा ८० ते ९० टक्के भाग ही एकटी रिक्तिका व्यापते. केंद्रक, तंतुकणिका, हरितलवकं, ज्यांच्यावर पुस्तकात पानंच्या पानं असतात, ती सगळी मंडळी उरलेल्या जागेत कडेला राहतात. पुस्तकात मात्र रिक्तिकेच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात. पाणी, टाकाऊ पदार्थ आणि क्षार साठवणारी पिशवी, एवढं लिहून धडा पुढे सरकतो. मला हे खटकतं, कारण झाड जगतं कसं याचं निम्मं उत्तर त्या पिशवीत आहे.

ऱ्हीओचा हा प्रयोग आमच्या अभ्यासक्रमात योगायोगानं आलेला नाही. ॲमस्टरडॅमचे वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो डे व्हरीस यांनी १८८४ साली वेगवेगळी द्रावणं पाणी किती ओढतात हे मोजलं ते याच झाडाच्या पेशींवर. कुठलं द्रावण किती दाट असलं की जांभळा रंग भिंतीपासून नुकता सुटू लागतो, एवढंच ते पाहत होते. साखर, सोरा, मीठ अशी द्रावणं त्यांनी पेशीलाच विचारून एकमेकांशी ताडून पाहिली. परासरणाच्या, म्हणजे पटलातून पाणी दाट द्रावणाकडे ओढलं जाण्याच्या, दाबाची मोजमापं रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांच्यापर्यंत पोचली तीही डे व्हरीस यांच्यामुळेच. त्यावर व्हान्ट हॉफ यांनी जो सिद्धांत मांडला तो १९०१ सालच्या रसायनशास्त्राच्या पहिल्यावहिल्या नोबेलमागच्या कामांपैकी एक आहे. पानाच्या एका पापुद्र्यापासून सुरू झालेली ही वाट आहे.

पुढच्याच वर्षी डे व्हरीस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खूप दाट द्रावणात बाहेरचं पेशीद्रव्य मरून जातं, त्यात बाहेरून घातलेला रंग शिरतो, तरी रिक्तिकेभोवतीचं पटल शाबूत राहतं आणि त्या रंगाला आत येऊ देत नाही. त्या पटलाला त्यांनी टोनोप्लास्ट असं नाव दिलं. पेशीतलं बाकी सगळं संपल्यावरही हे पटल काही काळ आपलं राखणीचं काम करत राहतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

झाडाला पळता येत नाही. आपण हे सगळेच जाणतो, पण त्याचा अर्थ नीट मनात आणत नाही. ऊन लागलं तर सावलीला जाता येत नाही, विहीर आटली तर दुसऱ्या गावाला जाता येत नाही, जमीन खारट निघाली तर बी परत घेता येत नाही. शरीरातली घाण बाहेर टाकायला मूत्रपिंड नाही. कुणी खायला आलं तर हाकलायला हात नाहीत. जे काही सोसायचं ते जागेवर, आणि ज्याच्यापासून धोका आहे ते पुष्कळदा आतच ठेवून. एका पटलामागं ते बंद करायचं आणि पटलाच्या अलीकडे जगणं चालू ठेवायचं. रिक्तिका वनस्पतीसाठी हे काम करते.

उभं राहणंच घ्या. कोवळ्या पालेभाजीत लाकूड नसतं, तरी ती ताठ असते. रिक्तिकेत साखर, आम्लं, पोटॅशियमचे क्षार साठवलेले असतात. त्यांच्या ओढीनं पाणी आत शिरतं, पिशवी फुगते आणि पेशीद्रव्याला भिंतीवर दाबून धरते. पानाच्या पेशीत हा दाब साधारण ३ ते १० वातावरणांइतका असू शकतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोनच्या आसपास हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. भर दुपारी भोपळ्याचा वेल मान टाकतो आणि संध्याकाळी पुन्हा टवटवीत होतो, तेव्हा हाच दाब उतरलेला आणि चढलेला असतो. मुळं पाणी ओढतात त्यापेक्षा पानं जास्त गमावतात, एवढाच तो हिशेब. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर तिला पाणी सुटतं. ते पाणी काकडीच्या रिक्तिकांतलं असतं.

वाढीचंही तेच. पेशी मोठी व्हायची तर आतला माल वाढवावा लागेल असं आपल्याला वाटतं. पण प्रथिनं बनवणं महाग काम आहे, त्याला नत्र लागतं आणि नत्राची झाडाला कायम चणचण असते. पाणी त्या मानानं स्वस्त. म्हणून वनस्पतिपेशी भिंत थोडी सैल करते, रिक्तिकेत पाणी घेते आणि पाण्याच्या जोरावर कितीतरी पटींनी मोठी होते. पावसानंतर चार दिवसांत रान हिरवं होतं त्यामागं हे काटकसरीचं वाढणं आहे. शिवाय मधली जागा रिक्तिकेनं घेतल्यामुळे हरितलवकं आपोआप कडेला, उजेडाच्या आणि हवेच्या जवळ येऊन बसतात.

आता विषाकडे येऊ. कांदा चिरला की डोळ्यांत पाणी येतं. न चिरलेल्या कांद्याजवळ तासभर बसलं तरी येत नाही. कांद्याच्या पेशीत एक विकर (एन्झाइम) रिक्तिकेत असतं आणि ज्यावर ते काम करतं तो गंधकयुक्त पदार्थ बाहेर पेशीद्रव्यात. मध्ये टोनोप्लास्ट. सुरीनं ते पटल फाटलं की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. कुरतडणाऱ्या किड्यासाठी केलेली ही तजवीज आपल्या स्वयंपाकघरात आपल्यावर चालते. अळूचंही तसंच, आमच्याकडे त्याला धोपा म्हणतात. त्याच्या काही पेशींच्या रिक्तिकेत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक जुडीनं ठेवलेले असतात. पानं चिरताना हात खाजतात, कच्ची राहिलेली वडी घशाला लागते ती त्या सुयांमुळे. आई हाताला तेल लावूनच पानं घ्यायची आणि चिंचेचा कोळ घातल्याशिवाय बेसन लावायची नाही. तिनं सूक्ष्मदर्शक कधी पाहिला नव्हता, पण त्या सुयांशी कसं वागायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रिक्तिकेचा दिवसभराचा व्यवहार जिभेवर अनुभवायचा असेल तर पानफुटी लावा. पहाटे तिच्या पानाचा तुकडा चावला तर आंबट लागतो, दुपारी तोच सपक. (चव घेऊन थुंकून टाकायचं, या पानात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यंही असतात आणि जनावरांना ती बाधतात.) ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी ही चव लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रानं कळवली होती. ते पत्र १८१५ साली छापून आलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट, असं त्यांनी नोंदवलं होतं. हे का होतं ते कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. कोरड्या जागी वाढणारी ही झाडं दिवसा पर्णरंध्रं बंद ठेवतात, नाहीतर असलेलं पाणी उडून जाईल. रात्री गारव्यात ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याचं मॅलिक आम्ल करून रिक्तिकेत भरून ठेवतात. उजाडलं, रंध्रं मिटली, की आम्ल रिक्तिकेतून बाहेर काढून त्यातला कार्बन डायऑक्साइड साखर करायला वापरतात. बांधावरची घायपात, निवडुंग, अननस, सगळ्यांचा हाच क्रम. रात्रीचं आम्ल पेशीद्रव्यात ठेवलं असतं तर ते तिथल्या विकरांना सोसलं नसतं. त्यासाठी स्वतंत्र जागा हवी, आणि ती आहे.

एवढं सगळं ठाऊक असूनही विसाव्या शतकात बराच काळ रिक्तिकेकडे पेशीची कचराकुंडी म्हणूनच पाहिलं जायचं. जपानी जीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी तिच्याकडे वळले तेव्हा या विषयावर फारशी गर्दी नव्हती. त्यांनी झाडाऐवजी यीस्ट घेतलं. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात ठळक काही दिसतं ते रिक्तिकाच. या रिक्तिकेत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. १९८८ साली टोकियो विद्यापीठात ओसुमींनी असं यीस्ट निवडलं ज्यात ही विकरं नव्हती, आणि त्याला नत्राविना उपाशी ठेवलं. विचार अगदी सरळ होता: रिक्तिकेत काही येऊन मोडलं जात असेल, तर मोडणाराच नसल्यावर ते तिथं साचून दिसायला हवं. तसंच झालं. काही वेळातच रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरली आणि ते गोळे आत सतत थरथरत, फिरत राहिले. प्रत्येक गोळ्यात पेशीद्रव्याचा एक तुकडा गुंडाळलेला होता. उपाशी पेशी स्वतःचाच थोडा थोडा भाग रिक्तिकेत नेऊन मोडत होती आणि त्यातून नवीन प्रथिनांसाठी लागणारी अमिनो आम्लं परत मिळवत होती.

या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. हे नाव क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी १९६३ सालीच दिलं होतं, पण ती घडते कशी हे कुणाला नेमकं पकडता आलं नव्हतं. ओसुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ज्यांना जमत नाही असे यीस्ट शोधून काढले आणि १९९३ मध्ये तिच्यासाठी लागणारी १५ जनुकं जाहीर केली. ज्या यीस्टमध्ये त्यांपैकी एखादं बिघडलेलं होतं ते उपासमारीत लवकर मेलं. त्यांतल्या बहुतेक जनुकांची भावंडं माणसातही सापडली. आपल्या पेशींत मोठी रिक्तिका नाही, तिचं हे काम लयकारिका (लायसोसोम) नावाच्या बारीक पिशव्या करतात. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्या ओसुमींना मिळालं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की नुसतं डोळ्यानं बघून झालेला हा शोध आहे. सूक्ष्मदर्शक साधाच होता. प्रश्न मात्र नेमका विचारला गेला होता.

मोड आलेले मूग खाताना हे आठवतं. कोरड्या मुगाच्या डाळिंब्यांत प्रथिनं साठवलेली असतात तीही रिक्तिकांतच, पण लहान लहान आणि गच्च भरलेल्या. पाणी मिळालं की त्यांच्यात विकरं येतात, साठा मोडू लागतो, अमिनो आम्लं कोंबाकडे जातात आणि रिकाम्या होत आलेल्या त्या लहान रिक्तिका एकमेकींत मिसळून एकच मोठी होते. रात्रभर फडक्यात बांधलेल्या मुगात हे चाललेलं असतं.

रिक्तिका मारतेही, आणि ठरवून मारते. खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती आहेत. झिनियाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून जपानी संशोधकांनी ही घटना टप्प्याटप्प्यानं पाहिली. पेशी आधी आपली भिंत जाड कड्यांनी मजबूत करते, रिक्तिकेत तोडणारी विकरं जमवते आणि मग रिक्तिका फुटते. तिथून काही मिनिटांत केंद्रक विरघळू लागतं, आतलं सगळं साफ होतं आणि नळी मोकळी होते. त्या पेशीनं जिवंतपणी केलेली शेवटची तयारी वरच्या पानांच्या पाण्यासाठी असते. एकाच पटलावर दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत: ते टिकलं तोवर जगणं, आणि ते फाटण्याची वेळ आली की बाकीच्यांसाठी वाट.

मला या विषयाची एवढी ओढ का, तर मी खारपाणपट्ट्यातली आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा आहे. जमीन काळी आणि खोल, बघणाऱ्याला वाटावं सोनं पिकेल. पण खालचं पाणी खारट. आमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ते पिकाला दिलं तर जमीन चोपण होते, पावसात चिखल आणि उन्हात दगड. म्हणून विहिरीत पाणी दिसत असताना शेती पावसावर करायची, ही आमच्याकडची रीत. बाबा बांधावर बसून ढगांकडे बघायचे आणि पाठीमागं विहीर भरलेली असायची.

मिठाचा त्रास दोन प्रकारचा असतो. एक, जमिनीतलं पाणी खारट झालं की मुळाला ते ओढता येत नाही. पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं, त्यामुळे उलट मुळाचंच पाणी बाहेर जायचा धोका. दोन, मिठातला सोडियम पेशीद्रव्यात शिरला तर तिथल्या विकरांची कामं बिघडतात. जी वनस्पती मिठाला तोंड देते तिच्या रिक्तिकेचं या दोन्हींवर एकच उत्तर असतं. टोनोप्लास्टवर हायड्रोजन आयन आत ढकलणारे पंप असतात. आत साचलेले ते आयन बाहेर यायला बघतात, आणि एक हायड्रोजन बाहेर सोडताना दुसऱ्या वाहकाच्या वाटेनं एक सोडियम आत घेतला जातो. सोडियम असा रिक्तिकेत कोंडला की पेशीद्रव्य वाचतं, आणि तोच कोंडलेला सोडियम बाहेरच्या खाऱ्या जमिनीतून पाणी ओढायला कामी येतो. शत्रूलाच पाणी भरायला लावल्यासारखं आहे हे. पेशीद्रव्याचाही तोल राहावा म्हणून तिथं प्रोलीनसारखी निरुपद्रवी द्रव्यं साठवली जातात. कपाशी हे बऱ्यापैकी करू शकते, मूग त्या मानानं नाजूक. किनाऱ्यावरच्या कांदळवनातली झाडं तर याच जोरावर भरतीच्या पाण्यात उभी असतात. त्यांच्यातल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्रानं २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष केलं.

रिक्तिकेलाही मर्यादा असतेच. पंप चालवायला ऊर्जा लागते, आणि पिशवी कधीतरी भरते. म्हणून खाऱ्या जमिनीत आधी जुनी पानं जातात. त्यांच्या कडा करपतात, मग पान गळतं आणि साठवलेलं मीठ घेऊन जातं. बाबा करपलेली पानं हातात घेऊन उलटसुलट करायचे. तेव्हा मला काही सांगता आलं नसतं.

२००१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर्दो ब्लुमवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटोत सोडियम रिक्तिकेत कोंडणाऱ्या वाहकाचं जनुक जास्त जोमानं चालवलं. समुद्राच्या पाण्यातल्या सोडियमच्या साधारण ४० टक्के मीठ असलेल्या पाण्यावर ती झाडं वाढली, फळली, आणि मीठ पानांतच राहून फळात फार कमी उतरलं. ही बातमी वाचून खारपाणपट्ट्यातल्या माणसाला काय वाटलं असेल ते सांगायला नको. पण मिठाशी झुंजणं एका जनुकाचं काम नाही. मूळ किती मीठ अडवतं, खोड किती वर सोडतं, पीक कोणत्या वयात सापडतं, हे सगळं त्यात येतं, आणि आमच्या जमिनीत मिठाशिवाय निचऱ्याचाही प्रश्न आहे. तरी मला वाटतं, शेतकऱ्याशी बोलताना ‘हे पीक खाऱ्यात येत नाही’ एवढ्यावर न थांबता का येत नाही, पेशीत काय होतं, हेही सांगायला हवं. त्याला ते समजतं. करपलेलं पान त्यानं आपल्यापेक्षा जास्त वेळा हातात घेतलेलं असतं.

मुलांना प्रॅक्टिकलला मी आमच्या विहिरीचं पाणी देऊन पाहिलं. नुसत्या पाण्यानं ऱ्हीओच्या पेशीला काही होत नाही, जांभळा रंग भिंतीला चिकटून राहतो. पिण्याला नकोसं असलेलं हे पाणी एकदम तेवढं दाट नसतं. पण शेतात दिलेलं पाणी उन्हानं उडतं आणि मीठ मागं राहतं, पुन्हा पाणी, पुन्हा मीठ. म्हणून लिटरभर पाणी उकळून वाटीभर केलं आणि त्याचा थेंब सोडला. कोपऱ्यांत फट पडली, रंग आत सरकला. प्रयोगशाळेतल्या बाटलीतल्या मिठानं हे मुलांनी आधीही पाहिलं होतं. आपल्या शिवारातल्या पाण्यानं ते होताना बघणं वेगळं होतं. एका मुलानं लगेच विचारलं, “मॅडम, आमच्या विहिरीचं आणू का? आमच्याकडे हरभरा जळतो, शेजाऱ्याचा नाही जळत.”

यंदा प्रत्येकानं आपापल्या गावच्या विहिरीचं पाणी आणायचं असं ठरवलंय. किती आटवल्यावर पेशी आकसायला लागते ते प्रत्येकानं मोजायचं, आणि वहीत त्याच ओळीत गावाचं नाव, विहिरीची खोली आणि त्या शेतात कोणतं पीक टिकतं, कोणतं करपतं, हे घरी विचारून लिहून आणायचं.